बॉनेटवरची गोधडी

आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर, शेजारच्या सीटसमोरच्या कप्प्याच्या झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेलं आहे : ‘चालकाशी बोलू नये’. नंबरप्लेटा रंगवणाऱ्या पेंटरकडून बाबांनी ते लिहून घेतलं होतं. एसटीत ही पाटी ड्रायव्हरच्या आसपास कुठेतरी असते आणि ती कोणी वाचत नाही. आमच्या गाडीत ती बरोबर आईच्या डोळ्यांसमोर होती. बाबा गाडी चालवत आणि आई शेजारी बसून बोलत असे. पाटीबद्दल तिने कधी मत दिलं नाही आणि बोलणंही थांबवलं नाही.

गाडी वयाने माझ्याहून थोडी मोठी आहे. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढची सीट बाकासारखी सलग, काचा हाताने फिरवून खाली करायच्या. बाबा न्यायालयात कारकून होते. नगरमधले एक डॉक्टर निवृत्त होऊन मुलाकडे गेले, तेव्हा बाबांनी ही गाडी त्यांच्याकडून घेतली. तिच्या इंजिनावर कार्बोरेटर आहे. पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला पुरवायचं काम तो करतो. नव्या गाड्यांमध्ये हा भाग नसतो. त्यामुळे नव्या गाडीत वाढलेल्या माणसाला पुढची हकिगत थोडी विचित्र वाटेल.

काही वर्षांपूर्वी बाबांना काचबिंदू झाल्याचं निदान झालं. समोरचं दिसत होतं, कडेचं दिसत नव्हतं. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं. घरी आल्यावर त्यांनी किल्ली दाराजवळच्या खुंटीला अडकवली आणि ते जेवायला बसले. नगरच्या सावेडी भागातल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडी कव्हर घालून उभी राहिली. ती विकत घ्यायला अधूनमधून माणसं येत. बाबा त्यांना गाडीचे दोष इतके सविस्तर सांगत की आलेला माणूस परत येत नसे.

आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिची सगळी नोकरी मोपेडवर झाली. चारचाकी शिकायचं तिच्या मनात आलं ते मावशीमुळे. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. ती कोल्हारला असते. घरामागे ऊस, पुढे अंगण, थोड्या अंतरावर प्रवरा. गेल्या पावसाळ्यानंतर ती अंगणात घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. मुलगा-सून शेतात आणि गुरांत अडकलेले. आईला दर शनिवारी तिच्याकडे जायचं होतं. एसटीची पायरी तिच्या गुडघ्यांना झेपत नव्हती. भाड्याची गाडी केली की ड्रायव्हर अंगणात उभा राहून हॉर्न वाजवायला लागतो आणि बहिणींचं बोलणं अर्ध्यावर तुटतं, अशी तिची तक्रार होती.

तिने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. तिथल्या लहान गाडीवर शिकून लायसन्स काढलं आणि एके सकाळी खुंटीवरची किल्ली घेतली. आमच्या गाडीचे गिअर वेगळे, म्हणून ते बाबांनी शिकवायचं ठरलं. सावेडीतल्या एका मोकळ्या मैदानावर ही शिकवणी झाली. पहिल्या दिवशी बाबा सतत बोलत होते. दुसऱ्या दिवशी ते बोलता बोलता ओरडले. आईने गाडी थांबवली, डॅशबोर्ड पुसायचं फडकं काढलं आणि सगळा डॅशबोर्ड पुसला. पाटीवरून फडकं जरा जास्त वेळ फिरलं. बाबांनी पाटी वाचली. त्यानंतर आई गाडी चालवत असताना ते एक शब्द बोलले नाहीत. स्वतः केलेला नियम त्यांनी आईपेक्षा नीट पाळला.

आम्ही मुलांनी नवी गाडी घेऊन द्यायची तयारी दाखवली होती. आई म्हणाली, या वयात एका गाडीशी ओळख झाली आहे, आता दुसरीशी करून घ्यायला मला जमणार नाही.

सावेडीहून निघायचं, विळदचा घाट उतरायचा, राहुरीत चहा घ्यायचा आणि पुढे कोल्हार. हा क्रम बाबांच्या काळापासूनचा. राहुरीतली चहाची टपरीही ठरलेली. सुट्टी असेल त्या शनिवारी मी मागच्या सीटवर असे. माझ्या शेजारी भाकऱ्यांचा डबा. मावशीला आईच्या हातची ज्वारीची भाकरी लागते. सून करते ती चांगलीच असते, पण जाड असते, असं मावशीचं मत. निघण्याआधी आई भाकऱ्या थापायची, जुन्या सुती कापडाच्या धडप्यात गुंडाळून डब्यात ठेवायची आणि तो डबा जुन्या शालीत बांधायची. आईने गाडी हातात घेतल्यावरचा पहिला हिवाळा असाच विनातक्रार गेला.

उन्हाळा लागला आणि राहुरीत गाडी सुरू होईना.

पहिल्यांदा झालं ते असं. चहा झाला. आईने सेल्फ मारला. इंजिन फिरलं, फिरत राहिलं, पण पेटलं नाही. आईने चोक ओढला, ॲक्सिलरेटर दोन-चारदा दाबला, पुन्हा सेल्फ मारला. पेट्रोलचा उग्र वास आला आणि बाकी काही नाही. गाडी उभी होती, म्हणजे बाबा बोलायला मोकळे होते.

“माझ्या हातात ही कधी बंद पडली नाही,” ते म्हणाले.

हे खरं होतं. टपरीवरच्या दोघांनी धक्का मारून पाहिला. शेवटी सगळे कंटाळून पुन्हा बाकावर बसले. बऱ्याच वेळाने आईने सहज म्हणून किल्ली फिरवली, तर गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. पुढच्या शनिवारी तसंच. त्याच्या पुढच्या शनिवारी जाताना राहुरीत आणि येताना पेट्रोलपंपावर. दर वेळी गाडी धावताना उत्तम असायची. थोडा वेळ थांबवली की बिघडायची आणि पुष्कळ वेळ थांबवली की आपोआप बरी व्हायची.

सावेडीतला मिस्त्री बाबांच्या जुन्या ओळखीचा. त्याने प्लग बदलले, बॅटरी बदलली, कॉइल बदलली, कार्बोरेटर उघडून साफ केला. त्याच्या गॅरेजमध्ये गाडी एकदाही अडली नाही. तापवून आणली तरी नाही. आई तिथे तक्रार सांगायची आणि गाडी तिच्यादेखत सुरू होऊन तिला खोटं पाडायची. मिस्त्रीने एक शंका मात्र सांगितली. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं, उन्हाळ्यात ते जुन्या कार्बोरेटरला मानवत नाही, लवकर उकळतं. बाबांच्या काळातलं पेट्रोल निराळं होतं.

मावशीला आईने हे सांगितलं. इथेनॉल कशापासून करतात, असं तिने विचारलं. साखर कारखान्यात, उसापासून, असं मी सांगितलं.

“म्हंजी आमचाच ऊस तुमची गाडी आडवतोय,” मावशी म्हणाली. “आन् माज्या नावानं बोटं मोडत आस्तील पाव्हणं.”

पाव्हणं म्हणजे बाबा. ते हसले, पण बहिणीबहिणींत काही बोलणं व्हायचं आहे हे ओळखून अंगणात गेले.

बोलणं हे होतं. दर उन्हाळ्यात मावशी सावेडीला येत असे आणि दोघी मिळून वर्षाच्या कुरडया आणि पापड करत. चीक मावशी शिजवायची, सोऱ्या आईच्या हातात. गच्चीवर दोघींची खाटल्याएवढ्या सावलीत बसायची जागाही ठरलेली. ऑपरेशननंतर मावशी घराच्या बाहेर पडली नव्हती. काठी घेऊन ती अंगणापर्यंत येई आणि तिथून माघारी फिरे. नगरला दवाखान्यात दाखवायचं राहिलं होतं, तेही ती पुढे ढकलत होती. जीपमध्ये चढणं तिला शक्य नव्हतं. मुलाने ॲम्ब्युलन्स बोलावतो म्हटल्यावर तिने जेवण सोडलं. ॲम्ब्युलन्स दारात आली की गाव गोळा होतं आणि गेली म्हणतं, असं तिचं म्हणणं. आमच्या गाडीची पुढची सीट मात्र खाली आहे, रुंद आहे, मध्ये गिअरचा अडथळा नाही. तिच्यावर आधी टेकायचं आणि मग हळूहळू पाय आत घ्यायचे, हे तिला जमत होतं. अंगणात उभ्या गाडीत तिने ते एकदा करूनही पाहिलं होतं.

आईला तिला या गाडीतून न्यायचं होतं. पण ऐन उन्हात, हलता न येणाऱ्या बहिणीला घेऊन रस्त्याच्या कडेला तिष्ठत बसायची तिची तयारी नव्हती. घरी आल्यावर ती बाबांना म्हणाली, “आक्काला आणताना ही रस्त्यात बंद पडली, तर किल्ली परत खुंटीला. मग मी हात लावणार नाही.”

गाडी तेव्हा पार्किंगमध्ये होती आणि पाटीचा नियम लागू नव्हता. तरी बाबा काही बोलले नाहीत. आई जे एकदा म्हणते ते ती करते, हे त्यांना माहीत होतं. आधी मोपेड तिने अशीच सोडली होती.

आता गोधडीबद्दल. उन्हाळा लागल्यापासून आई गाडीत एक जुनी गोधडी ठेवत होती. गाडी थांबली की ती घडी उलगडायची आणि बॉनेटवर पसरायची. तिचा विचार सरळ होता. इंजिन आधीच तापलेलं, त्यात वरून ऊन, निदान उन्हाचा ताप तरी वाचेल. टपरीवर कोणालाही यात काही वेगळं वाटलं नाही. आमच्याकडे उन्हात उभ्या असलेल्या प्रत्येक वस्तूवर काहीतरी टाकलेलं असतं. मोटारसायकलच्या सीटवर पोतं, पाण्याच्या टाकीवर गोणपाट, माणसाच्या डोक्यावर उपरणं. चहावाला तर आईचं कौतुक करायचा. काकू गाडीला लेकरासारखं जपतात, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

एका शनिवारी राहुरीत नेहमीपेक्षा जास्त वेळ अडकलो. कोल्हारला पोहोचेपर्यंत दुपार टळायला आली होती. आईने गाडी अंगणात लावली, सवयीने गोधडी बॉनेटवर पसरली आणि डबा घेऊन आत गेली. भाकऱ्या आता पार गार झाल्या असतील, असं ती मावशीला चार वेळा म्हणाली असेल. मावशीने शाल सोडली, डबा उघडला, धडप्याच्या आत हात घातला.

“आजून ऊन हाय की गं,” ती म्हणाली. “वाफ हाय बघ.”

आईने भाकरी हातात घेतली. ती खरोखरच गरम होती. आई शालीकडे पाहत राहिली. मग भाकरी मावशीच्या ताटात ठेवून अंगणात गेली. आम्ही दारातून पाहत होतो. तिने गोधडीखाली हात घातला आणि झटकन बाहेर काढला. मग तिने बाबांना बोलावलं.

“हात लावून बघा.”

बाबांनी लावला. पत्रा चटका बसेल इतका तापलेला होता. दाराच्या पत्र्यावर सरळ ऊन पडत होतं, तो त्या मानाने काहीच नव्हता.

“डबा गुंडाळला तर भाकरी गरम राहते,” आई म्हणाली. “आणि मी इतके दिवस इंजिन गुंडाळून ठेवतेय.”

 बाबा म्हणाले की, त्यांच्या काळात राहुरीला थांबलं की बॉनेट उघडंच असायचं.

हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. घरात ती थट्टेची गोष्ट होती. चहाला थांबलं की बाबा आधी बॉनेट उघडायचे, आडवी दांडी लावायचे आणि मग चहा सांगायचे. टपरीवर दोन-चार माणसं इंजिन बघायला जमायची. बाबा त्यांना एकेक भाग दाखवत उभे राहायचे आणि त्यांचा चहा निवायचा. आई त्याला प्रदर्शन म्हणायची. प्रदर्शन आटोपलं का, असं विचारून ती गाडीत जाऊन बसायची.

“तुम्ही ते थंड व्हायला उघडत होतात?” आईने विचारलं.

बाबांना हो म्हणता आलं असतं. ते म्हणाले, “नाही. दाखवायलाच उघडायचो.”

मावशी आतून हसली, तेवढ्यात तिला ठसका लागला.

सोमवारी आई मिस्त्रीकडे गेली आणि हे सगळं त्याला क्रमाने सांगितलं. तो ऐकून घेत होता. मग त्याने स्वतःच्या गॅरेजकडे नजर फिरवली.

“इथं बॉनेट उघडंच असतं, काकू,” तो म्हणाला. “मला तरी कसं दिसणार?”

पुढचा उलगडा त्याने केला आणि तो साधा आहे. गाडी धावत असते तेव्हा इंजिन कितीही तापलेलं असलं तरी कार्बोरेटर त्या मानाने गार राहतो. समोरून वारा येतो, पंखा फिरतो आणि टाकीतलं ताजं पेट्रोल सतत त्यातून जात असतं. गाडी बंद केली की वारा, पंखा, पेट्रोल तिन्ही एकदम थांबतात. लोखंड मात्र तापलेलंच असतं. गॅस बंद केला तरी तवा काही वेळ भाजतच राहतो, तसं. ही आच वर कार्बोरेटरकडे चढते आणि तिथे साचलेलं पेट्रोल उकळतं. काही वाफ होऊन उडतं, काही गळून इंजिनात उतरतं आणि आतलं मिश्रण पेट घेणार नाही इतकं ओलं होतं. अशा वेळी चोक ओढला आणि ॲक्सिलरेटर पंप केला की आणखी पेट्रोल आत जातं. म्हणजे गाडी सुरू करायला आई जे जे करत होती, त्याने ती अधिकच बिघडत होती. ही आच चढायला लागतो जवळजवळ एका चहाएवढा वेळ. बाबांच्या काळात उघड्या बॉनेटमधून ती निघून जायची. आता पेट्रोलही लवकर उकळणारं आणि वर गोधडी.

मिस्त्रीने तीन कामं केली. कार्बोरेटरच्या बुडाशी उष्णता अडवणारी जाड गादी बसवली. कार्बोरेटर आणि खालचा तापणारा पाइप यांच्यामध्ये पत्र्याचा एक पडदा बसवला. पेट्रोलची नळी त्या पाइपाला जवळजवळ चिकटून गेली होती, ती लांबून वळवून घेतली. एवढं करूनही त्याने आईकडून सवयी बदलून घेतल्या. थांबल्यावर लगेच किल्ली फिरवायची नाही, इंजिन जरा वेळ संथ चालू द्यायचं, म्हणजे पंखा आच खाली आणतो. मग बंद करून ताबडतोब बॉनेट उघडायचं. सुरू करताना चोकला हात लावायचा नाही. ॲक्सिलरेटर एकदाच तळापर्यंत दाबून धरायचा, पंप करायचा नाही आणि तसाच धरून सेल्फ मारायचा, म्हणजे जादा पेट्रोल हवेबरोबर निघून जातं. अगदीच अडलं तर टाकीतून पेट्रोल ओढणारा जो छोटा पंप इंजिनाला असतो, त्यावर ओलं फडकं. हे शेवटचं बाबांना आधीपासून माहीत होतं. घाटात उभ्या असलेल्या टॅक्सींवर त्यांनी ते पाहिलेलं होतं.

पाय तळापर्यंत दाबून धरायचा, हे आईला सगळ्यात अवघड गेलं. गाडी एकदम उसळेल अशी तिला भीती वाटे. पार्किंगमध्ये ती रोज संध्याकाळी गाडी तापवून, बंद करून, पुन्हा सुरू करून पाहायची. बाबा पाटीला जागून बाहेर उभे राहायचे.

मावशीला आणण्याआधीच्या शनिवारी नुसती राहुरीपर्यंत फेरी झाली. टपरीसमोर आईने इंजिन संथ चालू ठेवलं. बाबा उतरले, बॉनेटच्या कडेने हात फिरवत खटका शोधला, बॉनेट वर केलं, दांडी लावली. चहावाल्याने विचारलं, “साहेब, लई दिसांनी उगाडलं. काय बिगाडलं का?” बाबांनी त्याला काहीच बिघडलं नसल्याचं सांगितलं आणि चहा निवेपर्यंत बिघडलं का नाही याचं कारण सांगितलं. गाडी सुरू झाली.  पण खरी फेरी पुढची होती.

त्या दिवशी मावशी सकाळपासून तयार होऊन बसली होती. गोधडी आता तिच्या पाठीशी घडी करून लावली. ती पुढे बसली, बाबा माझ्याबरोबर मागे आले. सून गाडीच्या दारापर्यंत आली आणि मावशीचा मुलगा वेशीपर्यंत मोटारसायकलवर सोबत आला. मावशी ऑपरेशननंतर पहिल्यांदाच रस्ता पाहत होती. तोडून झालेल्या उसाचे फड, पाचट, नवी दुकानं, कोणाचं घर वर चढलं आहे, हे सगळं ती मोठ्याने सांगत होती. समोरच्या पाटीवर तिने बोट ठेवलं.

“ह्ये कुनाला लिवलंय?”

“तुला नाही,” आई म्हणाली.

राहुरीत सगळं नीट झालं. बॉनेट उघडलं गेलं, मावशीला चहा गाडीतच दिला, गाडी सुरू झाली. पुढे थांबायचं कारण नव्हतं.

विळदच्या घाटात पुढे ट्रकांची रांग होती. गाडी चढावर खालच्या गिअरमध्ये, मधूनच थांबत, मधूनच सरकत वर आली. वारा नाही. पुढच्या ट्रकची काळी हवा आत येत होती. मावशीचं बोलणं थांबलं. घाट संपता संपता ती म्हणाली, “थांबव गं. कसंतरी व्हतंय.”

थांबायला याहून वाईट जागा नव्हती. चढ चढून इंजिन जितकं तापायचं तितकं तापलेलं होतं. आईने गाडी कडेला घेतली आणि किल्लीला हात न लावता इंजिन चालू ठेवलं. मी मावशीच्या बाजूला उतरलो. बाबांना कोणी काही सांगितलं नव्हतं. ते गाडीला हात लावत लावत पुढे गेले, कारण शेजारून जाणारे ट्रक त्यांना दिसत नव्हते, फक्त ऐकू येत होते. त्यांनी खटका शोधला आणि बॉनेट उघडलं. त्याच वेळी संथ चालणारं इंजिन एकदा अडखळलं आणि आपोआप बंद पडलं.

मावशीला उलटी झाली. मी तिला पाणी दिलं, तिने तोंड धुतलं. डोळे मिटून टेकली आणि तशीच म्हणाली, “बंद पडली का?”

“बंद केली,” आई म्हणाली.

तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. उघड्या बॉनेटमुळे तिला समोरचं काही दिसत नव्हतं, बॉनेटखालच्या फटीतून बाबांचे फक्त हात दिसत असणार. बाबांनी खांद्यावरचा पंचा माझ्याकडच्या बाटलीतल्या पाण्याने भिजवून घेतला आणि पिळून पेट्रोलच्या पंपावर घातला. मग ते तसेच उभे राहिले. मावशीने आमसुलाचा तुकडा तोंडात धरला. तिच्या चेहऱ्यावर रंग आला. तिने मुलाला फोन करायचा का असं विचारलं, तर आई म्हणाली की नको. आम्ही वाट पाहिली, पण कोणी वेळ मोजला नाही.

नंतर आईने किल्लीला हात घातला. तिने पाय खाली नेला आणि तिथेच धरला, हे तिच्या खांद्यावरून कळलं. सेल्फ मारला. इंजिन फिरलं, फिरत राहिलं. तिने पाय उचलला नाही. चोकचा दांडा तिच्या हाताशी होता, त्याकडे तिने पाहिलंही नाही. इंजिन एकदा ठसकलं, पुन्हा नुसतं फिरलं, पुन्हा ठसकलं आणि मग मागून काळा धूर टाकत एकदम पेटलं. आईने पाय हळूहळू वर घेतला. आवाज खाली आला आणि स्थिर झाला.

बाबांनी पंचा काढला, दांडी खाली घेतली, बॉनेट लावलं. काचेतून त्यांना आई दिसली आणि आईला ते.  बाबा मागे येऊन बसले. गाडी निघाल्यावर मावशी म्हणाली, “पाव्हणं, तुमी तर बोला. तुमी काय चालवित न्हाई.” बाबांनी पाटीकडे बोट दाखवलं. मावशी म्हणाली की ही पाटी पुसून टाकावी, आणि आई म्हणाली, राहू दे, चांगली आहे.

सावेडीत पोहोचल्यावर आईने पार्किंगमध्ये इंजिन जरा वेळ संथ चालू ठेवलं आणि मग बंद केलं. मावशी काठी घेऊन, माझ्या खांद्याचा आधार घेत लिफ्टपर्यंत चालली. गोधडी आईने काखेत मारली. वर गच्चीवर मावशीच्या खुर्चीत ती लागणार होती. गहू तीन दिवस आधीच भिजत घातले होते, चीक दुसऱ्या दिवशी सकाळी शिजवायचा होता. मावशीने लिफ्टमध्ये शिरतानाच पाण्याचं प्रमाण काय घेतलं आहेस, अशी चौकशी सुरू केली.

किल्ली आईच्या पर्समध्ये होती. दाराजवळच्या खुंटीवर आता छत्री असते.

बाबा खालीच राहिले. गाडी घरी आली होती, आता ती सुरू करायची नव्हती, त्यामुळे बॉनेट उघडायची गरज नव्हती. पण त्यांनी ते उघडलं होतं. तळमजल्यावरचे शेजारी येऊन वाकून पाहत होते. बाबा त्यांना पत्र्याचा पडदा दाखवत होते आणि विळदच्या घाटातला प्रसंग सांगत होते. लिफ्टचं दार लागायच्या आत त्यांचा आवाज आमच्यापर्यंत आला. ऐन चढ संपताना गाडी बंद पडली, असं ते म्हणत होते.

आईने लिफ्टचं दार हाताने अडवलं आणि डोकं बाहेर काढलं.

“अहो, बंद पडली नव्हती. बंद केली होती.”

 शेजाऱ्यांकडे वळून बाबांनी वाक्य दुरुस्त केलं आणि गोष्ट पुढे नेली.